भोगवटादार

"160 देश," समन्वयक म्हणाले. चहा येईपर्यंत तो आकडा त्यांनी आणखी दोनदा सांगितला. 1964 पासून भारत सरकार 'आयटेक' कार्यक्रमातून मित्रदेशांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणाला बोलावतं; तिकीट, राहणं-जेवण सगळं आपल्याकडून. मला कुतूहल वेगळंच होतं. ज्या सातबाऱ्यापायी माझ्या आजोबांच्या चपला झिजल्या, तो पाहुण्यांना काय म्हणून दाखवतात? म्हणून त्यांच्या बसमध्ये चढले आणि पुणे जिल्ह्यातल्या एका तलाठी कार्यालयात पोचले.

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं; गाव भाऊसाहेबच म्हणतं. त्यांनी भराभर दाखवलं: डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत, फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. दाराशी बसलेले एक म्हातारे गृहस्थ "15 दिवस" ऐकून नुसते खाकरले.

टांझानियाच्या भूमी खात्यातल्या बाईंनी मात्र उताऱ्यावर बोट ठेवलं. हा शब्द कुठला?

"भोगवटादार."

म्हणजे मालक?

भाऊसाहेब हो म्हणाले आणि अडखळले. "मालकच. पण लिहायचं भोगवटादार. वर्ग 1, वर्ग 2. वर्ग 2 ला विकायला परवानगी लागते."

बाई खुदकन हसल्या. त्यांच्याकडे 1999 च्या कायद्याने सगळी जमीन सार्वजनिक, राष्ट्राध्यक्ष तिचे विश्वस्त. माणसाला मिळतो तो वहिवाटीचा हक्क. तेव्हा शब्द त्यांना ओळखीचाच. आपण मात्र जन्मभर त्यावरून नजर फिरवतो आणि मालक वाचतो.

कपाट उघडलं तसा डांबरगोळ्यांचा भपकारा आला. लाल फडक्यातले गठ्ठे, कडा कुरतडलेल्या. सकाळच्या चकचकीत स्लाइडांमध्ये हे कपाट नव्हतं. बाई तिथेच रेंगाळल्या, भाऊसाहेबही. आता प्रश्न ते विचारत होते, समन्वयक दुभाषे.

"भावकीचं भांडण लागलं तर?"

आधी गावच्या जमीन परिषदेपुढे समझोता. सात जण, त्यांतल्या तीन बायका असाव्याच लागतात.

"तीन?"

बाईंनी बोटं वर केली. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. भाऊसाहेबांनी टेबलावरचा एक वारस नोंदीचा अर्ज उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूला लिहिलं: 7 पैकी 3. अर्ज सुलटा होताना मी नावं वाचली. चौघे भाऊ.