परतीची हवा

मेहकर तालुक्यातल्या आमच्या शेताकडे जाणारी पाणंद तीन प्रकारच्या जमिनीवरून जाते. आधी मुरूम, मग नाल्याचं वाळूचं पात्र आणि तिथून पार धुऱ्यापर्यंत काळी माती. तीन वर्षांपूर्वी दिवाळीतच ही पाणंद मला अडकवून बसली. सोयाबीन निघालं होतं, तुरी फुलावर होत्या, नाल्याचं पाणी ओसरलं होतं. परत येताना बोलेरोची मागची चाकं वाळूत रुतली. जितका रेस दिला तितकी गाडी खाली बसत गेली. शेजारच्या शेतातले काका धावत आले. त्यांनी काडीने व्हॉल्व्हची पिन दाबून चारही चाकांची हवा कमी करायला लावली, आणि गाडी अलगद बाहेर आली.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. चाकांत जेमतेम अठरा पौंड हवा उरली होती आणि समोर डांबरी रस्ता होता. माझ्याकडे हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर होता आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१५० पौंड’ असं छापलेलं होतं. पहिलं चाक भरायला त्याने दहा मिनिटं घेतली. दुसऱ्या चाकावर तो हाताला चटका बसेल इतका तापला आणि बंद पडला. अंधारात गाडी बैलगाडीच्या चालीने चालवत फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत आणली. तिथल्या चाचांनी कॉम्प्रेसर हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “खोक्यावरचा आकडा पाहू नोका, भाऊ. मिन्टाला हवा किती फेकते, ते पाहा.”

त्या एका वाक्यावर मी पुढे बरंच वाचलं, विचारलं आणि मोजून पाहिलं. ते सगळं इथे लिहितो आहे, कारण आपल्या जिल्ह्यात बोलेरो, थार, पिकअप किंवा ट्रॅक्टर असलेल्या प्रत्येक घराला कधी ना कधी ते लागणार आहे.

हवा कमी केल्याने काय होतं?

गाडीचं वजन टायरचं रबर पेलत नाही, आतली दाबलेली हवा पेलते. माणसं बसलेली बोलेरो साधारण दोन टन धरली, तर एका चाकावर पाचशे किलो येतात. टायरमध्ये ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो दाब असेल, तर ते चाक जमिनीला सुमारे २२० चौरस सेंटीमीटर टेकतं. नाश्त्याच्या बशीएवढी जागा! दोन टनांची गाडी अशा चार बश्यांवर उभी असते. दाब अठरा पौंडांवर आणला, की तीच जागा दीड ते पावणेदोन पट होते. टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो, जमिनीवरचा भार विभागला जातो आणि वाळूत रुतण्याऐवजी चाक वाळूवर चालतं.

ही युक्ती जुनी आहे. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केलेल्या हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्यानंतर पन्नास-पंचावन्न वर्षांतच, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सैन्याच्या ‘डक’ या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येऊ लागली. समुद्रातून वाळूच्या किनाऱ्यावर चढताना हवा कमी करायची आणि पक्का रस्ता लागला की भरायची. त्या ट्रकमध्ये दोन्ही सोयी एकत्र होत्या. हवा सोडायला काडीही पुरते, पण ती परत भरायची सोय नसेल तर तो अर्धाच उपाय ठरतो.

आपल्या जमिनी, आपले दाब

बुलढाणा जिल्ह्यात एकच नियम सगळीकडे लावता येत नाही. नाल्याच्या किंवा पूर्णेच्या कोरड्या वाळूत अठरा-वीस पौंड चांगलं काम करतात. सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या बसाल्टच्या धारदार दगडांवर चोवीस-पंचवीसच्या खाली जाऊ नये. हवा कमी झाली की टायरची बाजू फुगते आणि दगड नेमका तिथेच कापतो. बाजूला चीर गेली की पंक्चर काढता येत नाही, टायरच बदलावा लागतो.

ओल्या काळ्या मातीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोदचा खारपाणपट्टा असो की आमच्या मेहकरकडची भारी जमीन, पाऊस झाला की हा गारा टायरच्या नक्षीत असा भरतो की चाक गुळगुळीत होतं. तिथे हवा कमी करून थोडीच मदत होते. दोन दिवस थांबून मातीला वापसा येऊ देणं हाच उपाय. आणि ज्ञानगंगा, अंबाबरवा, लोणार ही अभयारण्यं आहेत. तिथे आखलेला रस्ता सोडून गाडी घालायची नसते, मग टायर कितीही चांगले असोत.

दाब कमी असताना वेग तीस-चाळीसच्या आत ठेवावा, वळण हळू घ्यावं. बारा पौंडांच्या खाली गेलं की टायर रिममधून सुटण्याची भीती असते. ट्यूबचा टायर असेल तर तो रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो.

खोक्यावर काय वाचायचं?

आता चाचांच्या वाक्याकडे येऊ. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरमध्ये अंदाजे ४५ लिटर जागा असते. दाब अठरावरून बत्तीसवर न्यायचा, म्हणजे चौदा पौंड वाढवायचा. वातावरणाचा दाब साधारण १४.७ पौंड असतो, म्हणून प्रत्येक चाकात बाहेरची जवळपास ४३ लिटर हवा कोंबावी लागते. चार चाकांची मिळून झाली १७० लिटर.

छोट्या कॉम्प्रेसरवर मिनिटाला १०-१२ लिटर लिहिलेलं असतं. तो आकडा मोकळ्या हवेतला. टायरचा दाब वाढत जातो तशी हवा कमी जाते, म्हणून हातात सात-आठ लिटर धरावेत. म्हणजे चार चाकांना वीस-पंचवीस मिनिटं, आणि वर थंड व्हायला विश्रांती. ३५ लिटरचा असेल तर हेच काम सात-आठ मिनिटांत होतं आणि दोन सिलिंडरचा ७० लिटरचा चार मिनिटांत उरकतो. ‘१५० पौंड’ या आकड्याने आपल्याला काही मिळत नाही, कारण आपल्याला बत्तीस-पस्तीसच हवे असतात.

दुसरी गोष्ट, सलग चालण्याची मुदत. सायकलचा पंप मारताना त्याची नळी तापते ते सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापतेच. म्हणून किती मिनिटं सलग चालवायचा आणि किती वेळ थांबायचं हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. तापल्यावर आपोआप बंद होणारा घ्यावा, म्हणजे मोटार जळत नाही.

तिसरी गोष्ट, वीज. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटला बहुधा दहा ते पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे जेमतेम १२० ते १८० वॉट. ७० लिटरचा कॉम्प्रेसर पंचवीस-तीस अँपिअर ओढतो. तो सॉकेटला लावला की फ्यूज उडणारच. त्याला थेट बॅटरीला लावायचे चिमटे हवेत, आणि त्या वायरमध्ये स्वतःचा फ्यूज हवा. भरताना इंजिन चालू ठेवावं, पण बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये नाही. धूर कोंडतो आणि जिवावर बेततो.

चौथी गोष्ट, नळी. वायर आणि नळी मिळून बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत आणि स्टेपनीपर्यंत सहज पोचायला हव्यात. वेटोळ्याची प्लास्टिकची नळी उन्हाळ्यात मऊ पडते, रबरी नळी टिकते. व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचं पितळी तोंड पक्कं बसतं, पण भरून झाल्यावर ते तापलेलं असतं, म्हणून हातात फडकं घ्यावं.

पाचवी, काटा. कॉम्प्रेसर चालू असताना काटा जास्त दाखवतो, कारण तो नळीतला दाब मोजतो. बंद करून वाचावा. माझा सल्ला असा, की एक वेगळा, चांगला दाबमापक गाडीत कायम ठेवावा. आणि मोजणी थंड टायरवर करावी. तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पौंड वाढतो. मे महिन्यात मलकापूर-खामगावकडे पहाटे आणि दुपारी पंधरा-सोळा अंशांचा फरक पडतो, म्हणजे दुपारचं माप तीन पौंड फुगलेलं असतं. ते पाहून हवा काढली, की पहाटे चाक बसलेलं दिसतं.

बॅटरीवर चालणारे हातातले पंप आता खूप दिसतात. गावातल्या गाडीत दोन-चार पौंड वाढवायला ते सोयीचे आहेत. पण चार मोठी चाकं भरायला ते अपुरे पडतात, आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर लिथियमची बॅटरी ठेवणं धोक्याचं आहे.

ट्रॅक्टर आणि महामार्ग

ट्रॅक्टरच्या मागच्या १३.६-२८ टायरमध्ये पाणी नसेल तर दोनशे-अडीचशे लिटर जागा असते, पण शेतात त्याला बारा-चौदा पौंडच लागतात. म्हणून ३५ लिटरचा कॉम्प्रेसर ट्रॅक्टरच्याच बारा व्होल्टच्या बॅटरीवर दहा मिनिटांत मागचं रिकामं चाक उभं करतो. शेतात कमी दाब ठेवला तर काळी माती कमी दबते, आणि दबलेल्या मातीत मुळं खोल जात नाहीत हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. मात्र भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याने जायचं असेल तर दाब वाढवायलाच हवा. रिममधून सुटलेला टायर बसवायला एकदम मोठा झोत लागतो. तो टाकीवाल्या कॉम्प्रेसरनेच होतो, म्हणून फाट्यावरच्या दुकानाला पर्याय नाही. ट्रकच्या चाकांना तर या छोट्या यंत्रांनी हातच लावू नये.

आता आपल्या जिल्ह्यात पाणंद आणि समृद्धी महामार्ग शेजारी-शेजारी आहेत. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. शेतातून अठरा पौंडांवर निघालेली गाडी हवा न भरता त्या काँक्रीटवर चढली, तर टायरची बाजू प्रत्येक फेरीला दुमडते, आतून तापते आणि शेवटी फुटते. पाणंदीवरून महामार्गाला लागायला पंधरा मिनिटं पुरतात, म्हणून हवा भरायची जागा त्या पंधरा मिनिटांच्या आतच हवी.

आणखी एक बदल लक्षात घ्यावा. २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमात दुरुस्ती केली. ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारींना स्टेपनी सक्तीची राहिली नाही. अशा गाडीत कॉम्प्रेसर हीच स्टेपनी असते.

मी आता बॅटरीला चिमटे लावायचा, दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर वापरतो. महिन्यातून एकदा तो चालवून पाहतो आणि हवा ओढणाऱ्या बाजूचा फोमचा तुकडा झटकतो, कारण आपल्याकडची काळी धूळ त्यात घट्ट बसते. वापरताना खाली पोतं अंथरतो. नवीन आणल्यावर सगळ्यात आधी तो अंगणातच वापरला. एका चाकाची हवा अठरावर आणली, घड्याळ लावलं आणि पुन्हा भरली. खरेदीची हीच परीक्षा आहे आणि ती दुकान बदलून देईल तोपर्यंत घ्यावी.

दिवाळीच्या पाडव्याला आपण गाडीला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. यंदा त्याआधी, सकाळी गाडी थंड असताना, पाचही चाकांची हवा मोजा. पाचवं चाक म्हणजे स्टेपनी. बहुतेक घरांत ती मागच्या दिवाळीनंतर कुणी पाहिलेली नसते.