निरोगी रक्तातली मोडतोड

एक्स-रे विभागातल्या एखाद्या तंत्रज्ञाच्या टीएलडी बिल्ल्यावर (अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला) अचानक भलतीच मोठी मात्रा नोंदली जाते. माणूस मात्र ठणठणीत असतो. मग किरण त्याला लागले, की बिल्ला अडकवलेला अ‍ॅप्रन यंत्राच्या खोलीतच खुंटीवर राहिला होता? दुसरी शक्यता वाटते तितकी दुर्मीळ नाही. निवाडा करायला रक्त तपासतात. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हे काम होते.

रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी एरवी स्वस्थ असतात. राजम्यातून मिळणाऱ्या एका प्रथिनाने त्यांना विभाजनाला लावतात, साधारण 48 तास वाढवतात आणि विभाजन मध्येच रोखतात. तेव्हा 46 गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली सुटी सुटी दिसतात. त्यांत डायसेंट्रिक शोधायचे. दोन तुटकी गुणसूत्रे भलत्याच टोकांनी जुळली की एकाच गुणसूत्रावर दोन गुणसूत्रबिंदू येतात, तेच हे. गॅमा किरणांची 1 ग्रे मात्रा एकदम मिळाली, तर 1000 पेशींत असे ढोबळमानाने 50 ते 100 सापडतात.

आणि ज्याचा किरणांशी कधी कामाचा संबंध आला नाही, त्याच्या रक्तात? तिथेही शून्य नाही. 1000 ते 2000 पेशींमागे एखादे असतेच. पेशी श्वसन करते, डीएनएची नक्कल करते, त्यात धागे तुटतात. बहुतेक दुरुस्त होतात, काही चुकीचे जुळतात. निसर्गातला किरणोत्सारही आहेच, जगाची सरासरी वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट.

वयाचा हिशोब जास्त रंजक आहे. डायसेंट्रिक असलेली पेशी विभाजनात अडखळते आणि बाद होते, म्हणून ही संख्या वयानुसार फारशी चढत नाही. दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली असेल (ट्रान्सलोकेशन), तर मात्र पेशी बिनबोभाट विभाजित होत राहते. असे बदल साठत जातात; साठीतल्या माणसात ते विशीतल्या तरुणापेक्षा कितीतरी अधिक दिसतात आणि सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी. पुरुषांचे वाय गुणसूत्रही वयाबरोबर काही रक्तपेशींतून गळते. ब्रिटनच्या मोठ्या पाहणीत सत्तरीच्या सुमारे 40 टक्के पुरुषांत ही गळती आढळली. आजारी नसलेल्या माणसांबद्दल बोलतो आहोत, हे लक्षात असू द्या.

आता निसर्गातल्या किरणोत्साराकडे वळू. केरळच्या करुनागपल्ली किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियम आहे, त्यामुळे तिथला नैसर्गिक किरणोत्सार इतर भागांच्या कितीतरी पट. भाभा केंद्राच्या संशोधकांनी तिथल्या आणि शेजारच्या भागातल्या हजारो नवजात बाळांच्या नाळेतले रक्त तपासले. गुणसूत्रांच्या बदलांत लक्षणीय फरक आढळला नाही. बाळांचेच रक्त का? वय आणि सिगारेट ही दोन्ही कारणे तिथे आपोआप बाजूला पडतात. मला ही निवड मोठी हुशारीची वाटते.

तेव्हा 500 पेशींत एक डायसेंट्रिक निघाले, एवढ्यावरून बाधा झाली म्हणता येत नाही. साधारण 0.1 ग्रेखालची मात्रा या चाचणीला नैसर्गिक मोडतोडीतून वेगळी काढता येत नाही. असा अहवाल हाती आलाच, तर आकड्याआधी तीन गोष्टी विचारा: किती पेशी मोजल्या, तपासलेल्या माणसाचे वय नि सवयी काय, आणि त्याच प्रयोगशाळेत निरोगी लोकांचा आकडा किती येतो.