राजावर खटला चालवणारा वकील

२० जानेवारी १६४९. लंडनचा वेस्टमिन्स्टर हॉल माणसांनी खचाखच भरलेला. मखमली खुर्चीत इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स बसला आहे. डोक्यावरची हॅट त्याने काढलेली नाही, कारण समोरचं न्यायालय त्याला मान्यच नाही. त्याच्या उजव्या बाजूला उभा असलेला वकील आरोपपत्र सादर करू लागतो. राजा हातातल्या काठीने त्याच्या खांद्यावर टोचतो आणि थांबायला सांगतो. वकील थांबत नाही. तेवढ्यात काठीची चांदीची मूठ निखळून खाली पडते. ती उचलून द्यायला एकही हात पुढे होत नाही. अखेर राजा स्वतः वाकतो, मूठ उचलतो आणि खिशात ठेवतो.

त्या वकिलाचं नाव जॉन कुक.

त्याच सुमारास इकडे शहाजीराजे आदिलशाहीच्या कैदेत होते. राजाने कैदेत टाकावं आणि राजानेच सोडावं, ही जगाची रीत होती. राजे मारलेही जात, पण लढाईत, कारस्थानात नाहीतर तुरुंगाच्या अंधारात. गादीवरच्या राजाला त्याच्याच प्रजेने भर दिवसा, लोकांच्या देखत आरोपी म्हणून उभं करावं, असं इंग्लंडने कधी पाहिलं नव्हतं. त्यासाठी आरोपपत्र कसं लिहायचं, हे सांगणारं एकही कायद्याचं पुस्तक नव्हतं. ते लिहायचं काम एका शेतकऱ्याच्या मुलाकडे आलं.

कुकचा जन्म १६०८ मधला, लीस्टरशायर परगण्यातला. तो ऑक्सफर्डला शिकला आणि लंडनच्या ग्रेज इनमधून वकील झाला. त्याचं नाव लोकांसमोर आलं ते जॉन लिल्बर्नच्या प्रकरणात. लिल्बर्नवर बंदी असलेली पुस्तकं आणल्याचा आरोप होता. ‘विचाराल त्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देईन’ अशी शपथ घ्यायला त्याने नकार दिला. स्वतःच्या तोंडाने स्वतःला का अडकवू, हा त्याचा सवाल होता. स्टार चेंबर या न्यायालयाने त्याबद्दल १६३८ मध्ये त्याला गाडीला बांधून, फ्लीट तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत फटके मारत नेलं. १६४६ मध्ये ही शिक्षा रद्द करून घेण्यासाठी लिल्बर्नच्या बाजूने लॉर्ड्स सभागृहापुढे दोन वकील उभे राहिले. एक कुक, दुसरा जॉन ब्रॅडशॉ. शिक्षा रद्द झाली. आज भारताच्या राज्यघटनेतलं कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. त्या कलमामागे अशा लढायांचा वारसा आहे.

१६४८ च्या सुरुवातीला कुकने गरिबांच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली. धान्य महाग झालं होतं, माणसं उपाशी होती. गरिबांची वकिली फुकट झाली पाहिजे आणि औषधपाणीही, असं त्याने मांडलं. गुन्ह्याचं मूळ गरिबीत आहे आणि उपाशी घरासाठी चोरी करणाऱ्याकडे कायद्याने दयेने पाहावं, असंही त्याने लिहिलं. भारताच्या घटनेत मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९-अ आलं ते १९७६ मध्ये. त्याच्या सव्वातीनशे वर्षं आधी एक चालत्या वकिलीतला माणूस आपल्याच धंद्याला हे सांगत होता!

मग खटला आला. राजाविरुद्धचं यादवी युद्ध संसदेच्या सैन्याने जिंकलं होतं. डिसेंबर १६४८ मध्ये सैन्याने विरोधी खासदारांना सभागृहाच्या दारातच अडवलं आणि उरलेल्यांनी राजासाठी खास न्यायालय नेमलं. बड्या न्यायाधीशांनी अंग काढून घेतलं. मुख्य सरकारी वकील विल्यम स्टील यांनी आजारी असल्याचं कळवलं. वकीलपत्र कुककडे आलं आणि त्याने ते घेतलं. न्यायासनावर अध्यक्ष म्हणून होता तोच ब्रॅडशॉ. गोळी येईल या भीतीने त्याने आतून पोलादी पत्रा लावलेली हॅट घातली होती. ती हॅट आजही ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे.

कुकपुढचा पेच मोठा होता. देशद्रोह म्हणजे राजाविरुद्धचा गुन्हा, अशीच कायद्याची जुनी मांडणी होती. मग राजा स्वतः देशद्रोही कसा ठरेल? कुकचं उत्तर असं: राजाला मर्यादित सत्ता सोपवलेली असते, देशाच्या कायद्यानुसार आणि लोकांच्या भल्यासाठी वापरायला. ती सत्ता अमर्याद करायला जो आपल्याच लोकांवर युद्ध लादतो, तो त्या विश्वासाशी द्रोह करतो. त्या युद्धातल्या हत्या, लूट आणि जाळपोळीची जबाबदारीही त्याचीच, तलवार कुणाच्याही हातात असो. सत्ताधाऱ्यांना युद्धगुन्ह्यांसाठी जबाबदार धरणाऱ्या आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांपुढे हाच युक्तिवाद होतो.

राजाने एकच प्रश्न लावून धरला: कोणत्या अधिकाराने माझा न्याय करता? प्रश्न बिनतोड होता, कारण ते न्यायालय सैन्याच्या बळावर उभं होतं. आरोपाला उत्तर न देणं म्हणजे कबुली, असा तेव्हाचा नियम होता. त्यामुळे कुकने तयार केलेलं भाषण कोर्टात झालंच नाही. त्याने ते नंतर छापलं. ३० जानेवारीला राजाचा शिरच्छेद झाला. मृत्युदंडाच्या हुकुमावर ५९ सह्या आहेत. त्यांत कुकची नाही.

पुढे वकील कुक न्यायाधीश झाला. आयर्लंडमध्ये मन्स्टर प्रांताचा मुख्य न्यायाधीश म्हणून तो १६५० मध्ये गेला. तिकडे जाताना समुद्रात त्याचं जहाज वादळात सापडलं आणि तो थोडक्यात वाचला. संसदेचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या सैन्याने आयर्लंडमध्ये भयंकर कत्तली केल्या होत्या आणि कुक त्याच राजवटीचा न्यायाधीश होता, हे विसरून चालणार नाही. पण कोर्टात त्याने कज्जे झटपट आणि स्वस्तात निकाली काढले, जमीनदारापुढे कुळाचं ऐकून घेतलं. वेस्टमिन्स्टरला वर्षात होत नाहीत इतके निकाल कुक आठवड्यात देतो, असं क्रॉमवेल म्हणाल्याची आठवण एडमंड लडलो या त्याच्या सहकाऱ्याने लिहून ठेवली आहे.

पुढे देशाचा सत्ताधीश झालेला क्रॉमवेल १६५८ मध्ये गेला आणि १६६० मध्ये मारलेल्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर परतला. कुकला आयर्लंडमध्येच पकडलं होतं. १३ ऑक्टोबर १६६० रोजी तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. राजद्रोहाच्या आरोपीला तेव्हा वकील मिळत नसे. तो हक्क इंग्लंडमध्ये १६९६ मध्ये आला. कुकने स्वतःच बाजू मांडली: मी न्यायाधीश नव्हतो, साक्षीदार नव्हतो. मला काम दिलं गेलं, मी वकील म्हणून बोललो. वकिलाने अशिलासाठी मांडलेली बाजू हा त्याचा गुन्हा कसा? कोर्टाने हे मानलं नाही. १६ ऑक्टोबरला चेअरिंग क्रॉसला त्याला फाशी दिलं आणि जिवंतपणीच खाली उतरवून त्याच्या देहाचे तुकडे केले. तो ५२ वर्षांचा होता. ब्रॅडशॉ आधीच वारला होता. त्याचं प्रेत उकरून पुढच्या जानेवारीत फासावर लटकवलं.

ज्या न्यायालयात कुकने वकिली केली ते निर्दोष नव्हतं आणि ज्याने त्याला मारलं तेही नव्हतं. पण त्याचा शेवटचा युक्तिवाद टिकला. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम आज वकिलाला सांगतात की आपल्या कोर्टात आलेलं वकीलपत्र सहसा नाकारू नये. नकोशा आरोपीचं वकीलपत्र घेतलं म्हणून एखाद्या वकिलावर लोक तुटून पडतात, तेव्हा कुकचा खटला आठवा. अशिलाचा गुन्हा वकिलाच्या माथी मारला, की उद्या आपल्यासाठी उभं राहायलाही कुणी उरत नाही.