टिंकी विंकीची लाल पर्स

‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी बालमालिकेतले अर्नी आणि बर्ट हे दोन बाहुले १९६९पासून एकाच घरात राहतात. अर्नीला टबात रबरी बदकाशिवाय चैन पडत नाही. बर्टला कबुतरं आवडतात आणि बाटल्यांची बुचं जमवायचा नाद आहे. झोपायची खोली एक, पलंग दोन. दिवसभर कुरबुरी, पण एकमेकांवाचून करमत नाही. अशा घराला आपण एरवी काय म्हणतो, हे सांगायला नको. मोठी माणसं गालातल्या गालात हसत होती ती त्यामुळेच.

२०११मध्ये या दोघांचं लग्न लावा असा अर्ज इंटरनेटवर फिरला आणि हजारोंनी त्यावर सह्या केल्या. निर्मात्यांनी उत्तर दिलं, की हे बाहुले आहेत, त्यांना लैंगिक कल वगैरे नसतो. दोन वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ‘न्यू यॉर्कर’च्या मुखपृष्ठावर सोफ्यात टेकून टीव्हीवरचे न्यायमूर्ती पाहणारी ही जोडी अवतरली. मग सप्टेंबर २०१८मध्ये, म्हणजे आपल्याकडे समलिंगी संबंधांवरच्या कलम ३७७चा निकाल लागला त्याच महिन्यात, मालिकेचा जुना लेखक मार्क सॉल्ट्झमन एका मुलाखतीत बोलून गेला, की अर्नी-बर्टचे संवाद लिहिताना आपल्यासमोर आपलं आणि आपल्या जोडीदाराचंच घर असायचं. गदारोळ झाला. बर्टला आवाज देणाऱ्या फ्रँक ऑझने ते दोघे गे नाहीत असं सांगितलं. पण कुणाला तसं वाटलं तर त्यात काही बिघडत नाही, अशी पुस्तीही जोडली.

‘बाहुल्यांना कल नसतो’ हे उत्तर मला पटत नाही. अर्नी-बर्टला घडवणाऱ्या जिम हेन्सनच्याच कारखान्यातली मिस पिगी कर्मिट बेडकाच्या मागे हात धुऊन लागते, तेव्हा तिच्या कलाबद्दल कुणालाच शंका येत नाही. ऑझचं म्हणणं मात्र वजनदार आहे. अर्नी-बर्टची जोडी त्याच्या आणि हेन्सनच्या दोस्तीतून घडली होती, आणि दोन मित्र नुसते मित्र म्हणून एका छताखाली राहू शकतात, हेही मुलांना दाखवण्यासारखंच आहे.

पण मुळात असा अर्थ काढतं कोण? एक, ज्यांना त्याची धास्ती वाटते ते. आणि दुसरे, ज्यांना त्याची गरज असते ते. गंमत म्हणजे दोघांचं बोट बहुधा एकाच खुणेवर असतं. १९५४मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्सविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि बॅटमन-रॉबिनचं घर हे समलिंगी जोडप्याचं स्वप्न असल्याचा इशारा दिला. त्यांचा पुरावा कुठला? त्यांच्याकडे उपचारांसाठी येणारे समलिंगी तरुणच ती चित्रं तशी वाचत होते. प्रकाशक घाबरले, त्यांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. १९५६मध्ये बॅटमनच्या आयुष्यात एक बॅटवुमन आली, शंकेला जागा राहू नये म्हणून. पन्नास वर्षांनी, २००६मध्ये, त्याच नावाची नवी बॅटवुमन आली, ती लेस्बियन होती.

हॉलिवूडमध्ये तर १९३४पासून हेज संहिता या चित्रपटांवरच्या नियमावलीचा पहारा कडक झाला होता. समलिंगी माणसाला पडद्यावर उघड जागा नव्हती. विनोदवीर किंवा खलनायक म्हणून मात्र आडून शिरता येई. म्हणून तर बग्ज बनी लिपस्टिक लावून शिकाऱ्याला भुलवू शकला. १९५०च्या ‘रॅबिट ऑफ सेव्हिल’मध्ये शेवटी चक्क लग्न लागतं: ससा नवरदेव आणि वधूवेषात टकला शिकारी एल्मर! चावटपणा म्हणून सगळं चालून गेलं. खलनायकांची परंपरा संहिता गेल्यावरही टिकली. डिस्नेच्या ‘लिटल मर्मेड’मधली (१९८९) अर्सुला ही डिव्हाइन या स्त्रीवेषात रंगमंच गाजवणाऱ्या कलाकारावर बेतलेली. तिची गाणी लिहिणारा हॉवर्ड अ‍ॅशमन समलिंगी होता; १९९१मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो एड्सने गेला. डिस्नेच्याच जाफर आणि स्कार या खलनायकांना हालचाल देणारा आंद्रेआस देहाही समलिंगी. तेव्हा या पात्रांच्या नखऱ्यात काही दिसणाऱ्यांना नुसतेच भास होत होते, असं म्हणवत नाही.

टिंकी विंकीचं प्रकरण मात्र निव्वळ भासाचं. बीबीसीची ‘टेलिटबीज’ १९९७मध्ये आली ती धड बोलता न येणाऱ्या तान्ह्यांसाठी. त्यातला सर्वांत उंच, जांभळा, तो टिंकी विंकी. फेब्रुवारी १९९९मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्या मासिकाने पालकांना सावध केलं: रंग जांभळा, डोक्यावर त्रिकोण, हातात पर्स, आणि हा मुलगा! त्रिकोण ही समलिंगी चळवळीची खूण होती हे खरं. नाझी छावण्यांत कैद्यांच्या कपड्यांवर शिवलेला गुलाबी त्रिकोण चळवळीने पुढे अभिमानाने मिरवला. पण दोन वर्षांच्या पोराला लाल पिशवी दिसते, ती हवीशी वाटते, विषय संपतो. पोलंडच्या बालहक्क आयुक्तांनी २००७मध्ये याच पर्सची मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करवण्याची भाषा केली आणि जगभर हसं झाल्यावर माघार घेतली.

कधी याच्या उलट घडलं. जपानी ‘सेलर मून’ या कार्टूनमालिकेत हारुका आणि मिचिरू या दोघींचं प्रेम सरळ समोर होतं. २०००च्या सुमारास इंग्रजी आवाज देताना त्यांना चुलत बहिणी करून टाकलं. चित्रं मात्र तीच राहिली. त्यामुळे परस्परांच्या डोळ्यांत हरवून जाणाऱ्या दोन ‘बहिणी’ अमेरिकी मुलांनी पाहिल्या. लपवायला गेले आणि भलतंच दाखवून बसले! २०१४पासून नव्याने आवाज दिला, तेव्हा नातं पुन्हा मूळपदावर आलं.

मग मे २०१९ उजाडला. ‘आर्थर’ या मालिकेतल्या तिसरीच्या मुलांना कळतं, की आपले कडक शिस्तीचे रॅटबर्न सर लग्न करताहेत. ते वऱ्हाडात जाऊन पोहोचतात. पाहतात तर नवरदेव दोन. अलाबामाच्या सार्वजनिक वाहिनीने हा भाग दाखवलाच नाही. २००५मध्येही तिने याच मालिकेतल्या बस्टर सशाच्या कार्यक्रमाचा, दोन आया असलेलं कुटुंब दाखवणारा भाग गाळला होता. लग्नात मुलांना धक्का बसतो, नाही असं नाही. सर नाचायला लागतात तेव्हा. शिक्षकांनी काहीही करावं, पण नाचू नये, यावर सगळ्या वर्गाचं एकमत होतं.