वेबपृष्ठावरील अदृश्य चित्रे : नामलेखनाचा एक प्रश्न

मांडणी करीत असता पडद्यावर स्पष्ट दिसणारे चित्र पृष्ठ प्रसिद्ध होताच नाहीसे व्हावे आणि त्याच्या जागी फुटक्या चौकटीचे चिन्ह उरावे, हा अनुभव वेबपृष्ठे तयार करणाऱ्या पुष्कळांस येतो. अशा वेळी चित्रच बिघडले असे मानून ते पुनःपुन्हा तयार केले जाते. वस्तुतः बहुधा चित्र निर्दोष असते; चुकलेला असतो तो त्याचा नामनिर्देश.

वेबपृष्ठात चित्र नसतेच. असतो तो चित्राच्या फाइलीचा पत्ता. मार्क अँड्रीसन यांनी १९९३ साली चित्रासाठी जी खूण सुचविली, तिचे तत्त्व हेच होते व आजही तेच आहे. ड्रीमवीव्हरसारखे साधन मांडणीच्या वेळी लेखकाच्याच संगणकावरील फाइल उघडून दाखविते. त्यामुळे पत्ता ‘सी’ ड्राइव्हपासून सुरू होत असला तरी तेथे काही अडत नाही. वाचकाच्या संगणकात ते फोल्डर कोठून असावयाचे? पत्ता पृष्ठाच्या स्थानापासून मोजलेला असावा, एवढाच यावरील उपाय.

मराठी लेखकास विशेष नडणारे दोष याहून निराळे आहेत. कागलविषयी एक पृष्ठ करावयाचे आहे असे समजू. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले शाहू महाराज, कागलचेच कादंबरीकार आनंद यादव, आणि शिवारातील एक शेतकरी, अशी तीन छायाचित्रे त्यात घालावयाची आहेत. फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवली, तर ‘कागल’चे आद्याक्षर एकदा मोठे, एकदा लहान लिहिले जाते. देवनागरीत असा भेदच नसल्यामुळे मराठी डोळ्यास तो खटकत नाही. विंडोज संगणकही तो सामान्यतः मानीत नाही. परंतु लिनक्सवर चालणारा सर्व्हर मानतो, आणि चित्र हरवते.

मग नावे देवनागरीतच का ठेवू नयेत? ठेवता येतात. ‘कागल’ या शब्दाचे चार वर्णसंकेत यूटीएफ-८ पद्धतीत बारा बाइट व्यापतात आणि पत्त्यात त्यांची छत्तीस चिन्हे होतात, पण तेवढ्याने बिघडत नाही. खरी अडचण ‘शेतकऱ्याचे’ या नावात आहे. त्यातील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतास हलन्त जोडून, ‘र’, नुक्ता व हलन्त अशा क्रमाने, किंवा ‘र’ व हलन्त यांनंतर एक अदृश्य संयोजक घालून. तिन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद जपण्यासाठी मराठीने राखलेले हे चिन्ह यंत्राला मात्र चकविते. पहिली दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात; तिसरे होत नाही. फाइलीस एका कळफलकाने नाव दिले आणि पृष्ठात तेच दुसऱ्याने टंकित केले, तर नाव वाचून दोष सापडणे अशक्य. येथे नाव पुन्हा टंकित न करता फाइलीवरूनच उतरवून घ्यावे.

तपासणीचा क्रम मात्र साधा आहे. चित्राचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतंत्रपणे उघडावा. ‘४०४’ हे उत्तर आले, तर त्या पत्त्यावर फाइल नाही. नावाची व मार्गाची छाननी करावी. चित्र तेथे उघडले, तर पृष्ठातील खूण तपासावी. फाइल मिळते पण चित्र उमटत नाही, अशा वेळी तिचे स्वरूप पाहावे. आयफोनवरील ‘एचईआयसी’ छायाचित्रे सफारीखेरीज बहुतेक ब्राउझरांस दाखविता येत नाहीत, आणि नावापुढे ‘जेपीजी’ लावल्याने फाइलीचे अंतरंग बदलत नाही.

विभागाच्या संग्रहातील हस्तलिखितांची छायाचित्रे वर्षानुवर्षे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जावयाची असतात. त्यांची फाइलनावे लहान रोमन अक्षरे व अंक यांतच ठेवणे इष्ट. मराठी नाव चित्राखालील ओळीत आणि पर्यायी मजकुरात शुद्ध लिहावे. चित्र उमटले नाही तरी तो मजकूर वाचकास दिसतो, आणि अंध वाचकाचा संगणक तोच वाचून दाखवितो.