रापी, आरी आणि दोन सुया : चामड्याचे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

हाताने शिवलेले पाकीट, कमरेचा पट्टा किंवा वहीचे वेष्टन स्वतः करून पाहावे, अशी हौस अनेकांना असते. बहुतेकजण त्यासाठी प्रथम हत्यारांचा भारी संच मागवतात, मग मिळेल ते चामडे घेतात आणि दोन-तीन वस्तू बिघडल्यावर संच कपाटात ठेवून देतात. हा क्रमच उलटा आहे. आधी चामडे ओळखावे, मग सुरीला धार लावायला शिकावे आणि त्यानंतर शिवणीकडे वळावे. या तीन गोष्टी हाती आल्या की बाकीची हत्यारे गरजेप्रमाणे एकेक करून घेता येतात.

कातडे आणि चामडे

जनावराच्या अंगावरून उतरवलेले कातडे तसेच ठेवले तर कुजते आणि नुसते वाळवले तर लाकडासारखे कडक होते. ते न कुजणारे आणि तरीही लवचीक असे करण्याच्या क्रियेला ‘कमावणे’ म्हणतात. कमावण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. जुनी पद्धत वनस्पतींची. बाभळीची साल, हिरडा यांतील तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन कातड्याच्या तंतूंशी बांधले जाते. कोल्हापूर परिसरात परंपरेने कातडे चुन्यात भिजवून त्यावरचे केस काढत, मग ते पिशवीसारखे शिवून टांगत आणि त्यात साल, हिरडा व पाणी भरत. झिरपलेले पाणी पुन्हा आत ओतले जाई आणि काही दिवसांनी पिशवी उलटी टांगली जाई. या साऱ्या क्रियेला कित्येक आठवडे लागतात. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली अमेरिकेत तिची पेटंटे घेतली आणि आठवड्यांचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले. आज जगातील बहुतांश चामडे क्रोमचेच असते.

नवशिक्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. वनस्पतींनी कमावलेले चामडे घट्ट असते, ओले करून त्याला आकार देता येतो, त्यावर ठसा उमटतो आणि त्याची कड घासून गुळगुळीत करता येते. क्रोमचे चामडे मऊ असते व पाण्याला अधिक टिकते, मात्र ते ठसा धरत नाही आणि त्याची कड घासून चकाकत नाही. पट्टा, पाकीट, म्यान, चप्पल यांसाठी पहिले घ्यावे. मऊ पिशवी किंवा कपडे यांसाठी दुसरे.

दुकानात ते ओळखायचे कसे? कापलेली कड पाहावी. वनस्पतींनी कमावलेले चामडे आतपर्यंत तपकिरी असते, तर क्रोमच्या चामड्याच्या गाभ्यात पुष्कळदा निळसर-करडी छटा दिसते. रंग न दिलेल्या वनस्पती-चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो शोषला जाऊन डाग गडद होतो. शंका उरलीच तर छोटी पट्टी घरी आणून उकळत्या पाण्यात टाकावी. वनस्पती-चामडे आक्रसून वळते, क्रोमचे बरेचसे तसेच राहते. काहीजण तुकडा जाळून पाहायला सांगतात. ते करू नये. क्रोमचे चामडे जळताना त्यातील क्रोमियम घातक रूपात बदलू शकते.

कातड्याची सर्वांत बळकट बाजू म्हणजे केसांकडची. मांसाकडच्या बाजूला तंतू सैल असतात. जाड कातडे आडवे फाडून खालचा थर वेगळा केला आणि त्यावर रंगाचा लेप दिला, तर तोही ‘अस्सल चामडे’ म्हणून विकता येतो. त्यामुळे केवळ तेवढ्या शिक्क्यावर विसंबू नये. चामड्याचा भुगा चिकट द्रव्याने थापून केलेले पत्रे आणि कापडावर लेप दिलेले रेक्झिन यांची कड पाहिली की कापडाचे धागे वा एकसारखा भुगा लगेच दिसतो.

कातडे कुठून कापावे, हेही ठरलेले असते. पाठीचा भाग सर्वांत घट्ट, पोटाचा ताणणारा, मानेचा सुरकुत्यांचा. पट्टा किंवा पिशवीचा बंद पाठीच्या कण्याला समांतर कापावा, म्हणजे तो वापरात लांबत नाही. जाडी मिलिमीटरमध्ये विचारावी. पट्ट्याला ३ ते ४, पाकिटाच्या बाहेरच्या भागाला १.२ ते १.५ आणि आतल्या कप्प्यांना १ मिलिमीटरच्या आसपास पुरते. चामडे चौरस फुटावर विकले जाते. सुरुवातीला मात्र अखंड कातडे घेऊ नये. मुंबईत धारावीसारख्या ठिकाणी चामड्याची दुकाने व कारखाने आहेत. तिथे उरलेले तुकडे मिळतात का, ते विचारावे. शिकण्यासाठी ते उत्तम.

धार आणि काप

आपल्याकडच्या कारागिराचे मुख्य हत्यार म्हणजे रापी, रुंद पात्याची सुरी. तिने कापता येते, कड छिलता येते, जाडी कमी करता येते. नवशिक्याने साध्या कटरने सुरुवात केली तरी चालेल, मात्र कोणतेही पाते धारदार हवे. बोथट पाते अधिक धोक्याचे, कारण त्यावर जास्त जोर द्यावा लागतो आणि ते निसटते. पाते दगडावर एकाच कोनात घासावे, मग चामड्याच्या जुन्या पट्टीवर, धारेच्या उलट दिशेने, मागे ओढत फिरवावे. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापला असता तो न फाटता कापला गेला, तर धार पुरेशी आहे असे समजावे. काम चालू असतानाही अधूनमधून पाते पट्टीवर फिरवावे.

कापताना पोलादी पट्टी वापरावी आणि तिच्यावरचा हात पात्याच्या वाटेत येऊ देऊ नये. जाड चामडे एका दमात कापण्यापेक्षा त्याच रेषेवर दोन-तीनदा पाते ओढावे. खाली लाकूड किंवा जाड प्लॅस्टिकचा पाट ठेवावा. जिथे चामडे दुमडायचे असते तिथे ते मांसाकडच्या बाजूने छिलून साधारण निम्म्या जाडीचे करतात. हे काम गुळगुळीत दगडी फरशीवर सोपे जाते; तिथे पाते जवळजवळ आडवे धरून शरीरापासून दूर ढकलावे. चांगले चामडे हातात घेण्यापूर्वी टाकाऊ तुकड्यांवर हा सराव भरपूर करावा.

शिवण

दोन तुकडे शिवण्यापूर्वी कडेला रबर सोल्यूशन लावतात. ते दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावावे, बोटाला चिकटेनासे झाल्यावरच तुकडे जुळवून दाबावेत. केसांकडची गुळगुळीत बाजू चिकटवायची असेल तर आधी ती खरवडावी. खिडकी उघडी ठेवावी, कारण त्याच्या वाफा अपायकारक असतात.

मग कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर अंतरावर कंपासने रेघ आखावी आणि तिच्यावर ३ ते ४ मिलिमीटर अंतराने भोके पाडावीत. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्यावा, त्याला मधमाशांचे मेण चोळावे आणि दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई ओवावी. पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घ्यावा. पुढच्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया, एक समोरून आणि दुसरी मागून, न्याव्यात व दोन्ही हातांनी सारख्या जोराने ओढावे. दर वेळी त्याच बाजूची सुई आधी घालावी, म्हणजे टाके एकसारखे तिरपे पडतात. शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन दोरा कापावा.

या शिवणीचे बळ तिच्या रचनेत आहे. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे चामड्याच्या जाडीत एकमेकांना अडकलेले असतात. एक झिजून तुटला की शेजारचे टाकेही सुटू लागतात. दोन सुयांच्या शिवणीत प्रत्येक भोकातून दोरा दोनदा गेलेला असतो, त्यामुळे एक फेर तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. रस्त्याकडेचा कारागीर वापरतो ती आरी निराळी. तिच्या टोकाजवळ खाच असते. आरी आरपार घालून त्या खाचेत दोरा अडकवायचा, त्याचा फास वर ओढायचा आणि त्यातून दुसरा दोरा न्यायचा. बुटाच्या अवघड जागी, जिथे दोन हात पोहोचत नाहीत, तिथे तिला पर्याय नाही.

शिवण झाल्यावर कड पॉलिश कागदाने सारखी करावी, कोपरे किंचित मोडावेत, बोटाने पाणी लावावे आणि गुळगुळीत लाकडाने किंवा जाड कापडाने जोरात घासावे. घर्षणाच्या उष्णतेने तंतू एकमेकांत बसतात आणि कड चकाकते. वरून मेण घासले की काम पुरे. ओल्या वनस्पती-चामड्याला साध्या लोखंडाचा स्पर्श मात्र टाळावा. टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि लोखंड यांपासून शाई होते, ती याच गुणामुळे. म्हणून अशा वस्तूंना पितळी बटणे व रिबिटे लावणे चांगले.

पावसाळ्यातील काळजी

कोकणपट्टीतील दमट हवेत चामड्याला बुरशी लागणे नित्याचे आहे. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवल्यास ओल आतच राहते. त्याऐवजी सुती कापडात, हवा खेळेल अशा जागी ठेवावी. बुरशी आलीच तर वस्तू बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावी. भिजलेली वस्तू सावलीत वाळवावी. ऊन, हीटर किंवा केस वाळवण्याचे यंत्र यांनी चामडे आक्रसते आणि तडकते. वाळल्यावर तेलाचा हात हलकाच फिरवावा. अतितेलाने चामडे सैल पडते. कोल्हापुरी चपलेलाही हेच नियम लागू होतात. तिचे थर खिळ्यांऐवजी चामड्याच्या वादीने शिवलेले असतात. पाण्याने ते फुगतात, म्हणून ती भर पावसात न घालणेच इष्ट.

शिकायचे कोणाकडून?

पुस्तके आणि चित्रफिती यांतून पुष्कळ कळते, तरी धार किती हवी आणि दोरा किती ओढावा हे शेजारी बसूनच समजते. महाराष्ट्रात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने ढोर आणि चर्मकार समाजांनी जपले. ज्या कामावाचून कोणाचे पाऊल चालत नव्हते, तेच काम करणाऱ्यांना समाजाने अस्पृश्य ठरवले. आज तेच काम ‘हस्तकला’ म्हणून शहरी घरात येत असताना हा इतिहास विसरणे योग्य नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर हे जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने मिलानमध्ये त्याच धाटणीच्या चपला मांडल्या, तेव्हा आरंभी कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. टीका झाल्यानंतर कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले. नाव मिळाले, ही चांगलीच गोष्ट. परंतु नावाबरोबर मजुरीही वाढली पाहिजे, आणि तिथे ग्राहकाचा हात असतो. हाताने शिवलेल्या वस्तूला किती तास लागतात हे ज्याने एकदा स्वतः शिवून पाहिले, तो कारागिराशी घासाघीस करताना थबकतो.

तेव्हा पहिला धडा आपल्या चौकातील गटई कारागिराकडे घ्यावा. त्याच्या कामाची वेळ सांभाळून जावे, शिकवण्याचा मोबदला आधी ठरवावा आणि तो पुरा द्यावा. पहिली वस्तू म्हणून दोन तुकड्यांचे, एका शिवणीचे कार्ड ठेवण्याचे पाकीट निवडावे. त्यात कापणे, चिकटवणे, शिवणे आणि कड घासणे या चारही क्रिया येतात. बिघडले तरी नुकसान थोडे आणि जमले तर कित्येक वर्षे रोज खिशात बाळगता येईल अशी वस्तू हाती येते.