कॅमेरा आधी, फवारा नंतर

चाकणचं नाव आज मोटारींच्या कारखान्यांमुळे घेतलं जातं. पण चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याचे लिलाव अजून होतात आणि खेड तालुक्यात कांद्याची शेतीही टिकून आहे. बदललंय ते एवढंच, की शेतात माणूस कमी दिसतो. घरातली तरणी मंडळी चाकण नाहीतर पिंपरी-चिंचवडच्या कंपनीत पाळीला जातात आणि कारखान्याच्या पगारापुढे शेतमजुरीचा रोज तोकडा पडतो. मग रोज बांधावरून फेरी मारून पातीचा रंग बघायचा कोणी? करपा नजरेस पडेपर्यंत तो बराच पसरलेला असतो, म्हणून दुखणं असो वा नसो, ठरल्या दिवशी सगळ्या रानावर औषध मारलं जातं. या पट्ट्यात ड्रोनचा खरा उपयोग आहे तो इथे. औषधाच्या टाकीआधी त्याच्यावर कॅमेरा चढायला हवा.

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. पीक तहानलं किंवा आजारलं की हे प्रमाण ढळतं, कित्येकदा पात पिवळी दिसण्याआधीच. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा हे दोन्ही प्रकाश वेगवेगळे टिपतो आणि त्यावरून शेताचा रंगीत नकाशा तयार होतो. हेच काम उपग्रह फुकट करतो, मग ड्रोन कशाला, असं कोणी विचारलं तर ते रास्त आहे. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं खरोखरच मोफत मिळतात, पण त्यातला एक ठिपका 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. गुंठ्याच्या कोपऱ्यात दोन वाफे बसले तर त्या ठिपक्यात ते विरून जातात. शिवाय खरिपात खेडच्या आभाळात ढग दाटलेले असतात आणि उपग्रहाला खालचं काही दिसत नाही. ड्रोन ढगांच्या खालून उडतो आणि त्याच्या चित्रातला ठिपका काही सेंटीमीटरचाच असतो. उघडीप मात्र त्यालाही लागते.

खरा आक्षेप वेगळाच आहे. कॅमेरा कुठे बिघडलंय ते सांगतो, काय बिघडलंय ते सांगत नाही. जांभळा करपा, नत्राची कमतरता, साचलेलं पाणी, या सगळ्यांनी नकाशावर साधारण सारखाच डाग पडतो. फुलकिडे तर पातीच्या बेचक्यात दडून बसतात, वरून ते दिसणं शक्यच नाही. कांद्याची पात उभी आणि नळीसारखी; लागवडीनंतर बरेच दिवस चित्रात पिकापेक्षा मातीच जास्त येते आणि नकाशा फसतो. काढणीच्या सुमारास माना पडून पात पिवळी पडते, तेव्हा उत्तम पोसलेला कांदाही नकाशावर आजारी ठरतो. म्हणून लागवडीची तारीख माहीत नसलेल्याने केलेला नकाशा धोक्याचा, आणि तो पाहून थेट औषध मारणं त्याहून धोक्याचं. पण यातून कॅमेरा निरुपयोगी ठरत नाही. पाच एकर तुडवण्याऐवजी नकाशावर दिसलेल्या एक-दोन डागांपाशी जायचं, पात उकलून बघायची, गरज पडली तर नमुना घ्यायचा. ज्याच्याकडे पाळी सुटल्यावर तासाभराचाच उजेड उरतो, त्याला एवढंच जमतं. नमुना दाखवायला दूर जायलाही नको, कांदा व लसूण संशोधन संचालनालय राजगुरुनगरलाच आहे.

राहिला खर्च. 2015-16च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर आहे. एवढ्या रानासाठी स्वतःचा असा कॅमेरा घेणं परवडणारं नाही आणि कोणी त्या भरीस पडूही नये. पण ड्रोनला बांध आडवा येत नाही. एका उड्डाणात अनेकांचे गट नंबर टिपले जातात, तेव्हा हा खर्च गावाच्या शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा बचत गटाने उचलावा. केंद्राने नोव्हेंबर 2023मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. तिच्यात 15 हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं ठरलं आणि किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये अनुदान आहे. तिचा भर फवारणीवर आहे, आणि मला ती उणीव वाटते. गटातर्फे ड्रोन चालवणाऱ्या बाईलाच नकाशा वाचायला आणि पातीवरचा रोग ओळखायला शिकवलं, तर तिचा ड्रोन हंगामभर कामाला येईल आणि औषध लागेल तिथेच पडेल. उड्डाणाच्या परवानगीचा बाऊ करण्याचं कारण नाही. 2021च्या ड्रोन नियमांनुसार सरकारी नकाशात हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उडवायला पूर्वपरवानगी लागत नाही, आणि पिकाच्या पाहणीला तेवढी उंची पुरते. मात्र लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, दिघी आणि देहूरोडला लष्कर आहे. त्यामुळे या भागात उडवण्याआधी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा प्रत्येक वेळी पाहिलाच पाहिजे.